घमेलं माझं, तोंड तिचं

बुसानच्या मासळी बाजारात चौतीस वर्षं मी सुकी मांदेली विकली. त्यातली पहिली नऊ वर्षं माझा गाळा नव्हता, डोक्यावर घमेलं घेऊन चढणीच्या वस्तीत दारोदार फिरायचे. तेव्हा कोण मनापासून बोलतंय आणि कोण बोलायचं ठरवून आलंय, हे मला कुणी शिकवायला नको. समोरच्या गाळ्यावरचा म्हातारा दोन बायका उभ्या करायचा, काय चव आहे हो, गेल्या आठवड्यात नेली तर घरात भांडणं लागली, असं म्हणायला. संध्याकाळी त्यांना ओंजळभर मांदेली मिळायची. त्या बायका मला पाठमोऱ्यासुद्धा ओळखू यायच्या. खरं गिऱ्हाईक आधी खोड काढतं, मग घासाघीस करतं, मग घेतं. आणि घेतल्यावर कौतुक करत उभं राहत नाही, त्याला घरी जायचं असतं.

एवढ्याच भांडवलावर एकाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. शहराच्या ज्येष्ठांसाठीच्या योजनेतून आम्हा सहा बायकांना एका ऑफिसात घेतलं. नवव्या मजल्यावर, खिडकीतून पूल दिसतो. काम असं, की कॉम्प्युटरवर खेळायचे जे खेळ निघतात त्यांच्याबद्दल लोक इंटरनेटवर चांगलं-वाईट लिहितात. त्यातलं किती खरं असतं हे देव जाणे. कुणी पैसे देऊन लिहून घेतं, कुणी यंत्राला जुंपून एका दिवसात हजार नावांनी लिहितं, स्वतःच्या खेळाचे गोडवे गायला नाहीतर दुसऱ्याच्या खेळावर चिखल उडवायला. ते आम्ही निवडायचं. तांदळातले खडे निवडतात तसं. पडद्यावर एकेक मजकूर येतो, खाली चार बटणं. मनाचं. मोलाचं. यंत्राचं. आणि चौथं, नात्यातलं, म्हणजे मजकूर आपल्या माणसाबद्दल असेल तर हात न लावता पुढं द्यायचा.

मी शाळेत दोन इयत्ता गेले. अक्षरं नीट शिकले ती बासष्टाव्या वर्षी, वॉर्डच्या वर्गात, नातवंडांएवढ्या बाईंकडून. त्यामुळं मी बोट ठेवून वाचते. आमच्यातली गमसुन बँकेत होती, ती मजकूर नुसता बघते आणि बटण दाबते. दिवसाला ती माझ्या दुप्पट निवडते. पण महिन्याच्या शेवटी टीमचा म्होरक्या गुक तपासून सांगतो तेव्हा चुका कुणाच्या कमी असतात ते तिला विचारा. मी विचारत नाही, मी फक्त तिच्याकडे बघते. नऊ महिने मी केस सेट करून त्या खुर्चीवर जाऊन बसले आणि नऊ महिन्यांत चौथं बटण एकदाही दाबलं नाही. माझ्या नात्यात खेळ करणारं आहे कोण, असं मीच पहिल्या दिवशी हसून म्हणाले होते.

नात आहे. दारम. माझ्या मुलाची मुलगी, सत्तावीस वर्षांची, चित्रं काढते. कुठल्याशा कंपनीत होती, ती नोकरी गेल्या वर्षी सोडली आणि दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन काहीतरी करत होती. काय करतेस म्हटलं की म्हणायची, आजी, चित्रंच. मी खोदून विचारत नाही. विचारायला मी काय परकी आहे?

परकी असायला हवी ती दुसरी. दारमच्या आईची आई. माझी विहीण, युनही. ती इथून तासाभरावर मिर्यांगला राहते, अंगण असलेल्या घरात. शाळेच्या ऑफिसात कारकून होती. आवाज मऊ, हात मऊ, हसताना तोंडावर हात धरायची सवय. ती आजारी पडली तरी केस विस्कटत नाहीत. दारम लहान असताना सुट्टी लागली की मी पिशवी भरून ठेवायचे आणि पोरगी मिर्यांगच्या गाडीत बसायची. तिला भाजलेले चेस्टनट मिळायचे तिथं, गोष्टी मिळायच्या. माझ्याकडे काय मिळणार, मांदेलीचा वास. आमच्यात बापाच्या आईला सख्खी आजी म्हणायची रीत आहे आणि आईच्या आईला बाहेरची आजी. रीत आहे आपली रीतीच्या जागी. पोरीनं लहानपणीच आम्हाला नावं पाडली, बुसानची आजी आणि मिर्यांगची आजी, म्हणजे दोघींना एकाच फळीवर ठेवलं. तेव्हापासून ते मला काट्यासारखं सलतंय.

आता घडलं ते सांगते.

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या शहरात खेळांचा मोठा मेळा भरतो. त्यात मोठ्या कंपन्यांचे मांडव असतातच, पण एक रांग लहान पोरांसाठी ठेवतात, दोन-तीन जणांनी मिळून केलेल्या खेळांसाठी. बारा जागा. लोक कुठल्या खेळाबद्दल किती आणि काय बोलतात त्यावरून त्या ठरतात. म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे कामाचा ढीग लागतो. ज्याच्यासाठी खोटं लिहून घेतलंय असं ठरलं तो खेळ यादीतून काढतात, आणि करणाऱ्या पोरांना वर्षभर कुठल्याच मेळ्यात पाऊल ठेवू देत नाहीत.

त्या सकाळी गुकनं माझ्यापुढं तेवीस मजकुरांचा गठ्ठा टाकला. खेळाचं नाव ‘चढणीवरचं घमेलं’. एक म्हातारी डोक्यावर मासळीचं घमेलं घेऊन डोंगरातल्या पायऱ्या चढते, ते सांडू द्यायचं नाही, एवढाच खेळ. नाव वाचून मला हसू आलं. म्हटलं, कुणाला तरी अक्कल आली. गुक म्हणाला की ऑफिसातल्या तपासणीच्या यंत्रानं हे सगळे यंत्राचे म्हणून पकडलेत, कारण तेवीसच्या तेवीस एकाच घरच्या इंटरनेटवरून आलेत, एकाच दिवशी, चार झटक्यांत. सकाळी सातला पाच-सहा, मग चार तास काही नाही, अकराला पाच-सहा, मग तीनला, मग संध्याकाळी सातला. माणसं अशी घड्याळ लावून बोलत नाहीत. वर भाषाही एकाच हाताची, सगळी वाक्यं इस्त्री केल्यासारखी. माणसाची नजर म्हणून शेवटचा शिक्का मी मारायचा, आणि पाच वाजता यादी जाणार.

मी बोट ठेवून वाचायला घेतलं, गठ्ठ्यात सकाळचे-संध्याकाळचे मजकूर मागंपुढं झालेले. तिसऱ्या मजकुरालाच कळलं की हे यंत्र नव्हे. त्यात खेळाचं कौतुक होतं ते होतंच, पण मध्येच लिहिलं होतं, पुरे आता, उलटायची वेळ झाली. पाचव्यात, हातमोजा फाटलाय आणि बोटं चुरचुरताहेत. नवव्यात, वारं छान सुटलंय, पाणी लवकर निथळेल. पोरांना हे कळणार नाही, ती किमची, म्हणजे आमचं कोबीचं तिखट लोणचं, डब्यातून मागवतात. कोबी सकाळी सातला मिठात घातला की अकराला उलटायचा, तीनला पुन्हा उलटायचा, सातला धुवायला काढायचा. मधल्या चार तासांत बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, मुळा किसायचा असतो, मसाला कालवायचा असतो. तोंडाला मोकळीक मिळते ती या चार वेळांनाच घटकाभर, सगळ्या टबाभोवती गोळा झाल्यावर. कुणाच्या तरी अंगणात तेवीस बायका किमची घालायला जमल्या होत्या. हात मिठात, तेव्हा लिहायला कोरड्या हाताची एकच बाई. म्हणून भाषा एका हाताची.

माझं बोट ‘मनाचं’कडे निघालं होतं. गमसुनला हे सात जन्मांत कळलं नसतं, असं मनात म्हणत मी पुढचा मजकूर उघडला.

‘ही घमेलं घेतलेली आजी हुबेहूब आमच्या युनहीबाई. असणारच, त्यांच्याच नातीनं काढलीय. बाकी यंदा युनहीबाईंच्या घरचं मांदेलीचं खारं पाणी असं उतरलंय की किमचीला दुसरं काही नको.’

मी ते तीनदा वाचलं. बोट ठेवून.

खारं पाणी माझं होतं. वसंतात ताज्या मांदेलीला मीठ लावून मीच रांजण भरते, आणि ऑक्टोबरात दारम येऊन एक डबा घेऊन गेली होती. मला वाटलं स्वतःसाठी. विहीणबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं की यंदा पाठ धरलीय, किमची काही फारशी घालणार नाही. दरवर्षी मी जायचे, टबाशी बसायचे, आणि माझ्याशिवाय मिठाचा अंदाज कुणाला यायचा नाही. यंदा तेवीस बायका जमवल्या आणि मला पाठदुखी सांगितली. आणि खेळ माझ्या नातीचा, तोही मला परक्या बायकांच्या तोंडून कळावा. त्यातलं घमेलं कुणाचं, तर माझं. नऊ वर्षं ते मी वाहिलंय, माझ्या टाळूवर अजून केस विरळ आहेत तिथं. युनहीनं जन्मात डोक्यावर काही घेतलं असेल तर छत्री. आणि म्हातारीला तोंड कुणाचं दिलं, तर तिचं.

मी खेळाचं चित्र उघडून बघितलं. खरंच तिचंच. गोल चेहरा, हसताना तोंडावर एक हात. डोक्यावर भरलेलं घमेलं असताना तोंडावर हात धरणारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही.

आग डोक्यात गेली. चौथं बटण तिथंच होतं, मला दिसत होतं. ते दाबायचं सोडून मी मनाशी न्याय करायला बसले. या बायका का आल्या? सावड म्हणून. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. युनही यांच्याकडे कोबी उलटायला जाणार, म्हणून यांनी युनहीच्या नातीसाठी चार ओळी बोलून दिल्या. मग हे मोल नाही तर काय? समोरच्या गाळ्यावरच्या बायकांना मांदेली मिळायची, यांना कोबी. असा चोख युक्तिवाद मला कधी सुचला नव्हता. मी तेवीसच्या तेवीस मजकुरांवर ‘मोलाचं’ दाबलं. युनहीचा स्वतःचा होता, त्यावर जरा जास्तच जोरात. गुक येऊन बघून गेला आणि म्हणाला, मालबुन आजी, तुमची नजर म्हणजे नजर. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जेवायच्या सुट्टीत फोन हातात मिळतो. खाली उतरले, वाफाळत्या सूपचा वाडगा समोर घेतला आणि सूप सोडून मिर्यांगला फोन लावला. तिला ऐकवायचं होतं, त्याशिवाय घास उतरला नसता.

“अगं बाई, विहीणबाई,” ती म्हणाली. “जेवलात का?”

“जेवतेच आहे. पाठ कशी आहे तुमची?”

“आहे आपली. यंदा किमची काही फार घातली नाही हो. थोडीशीच.”

“थोडीशी म्हणजे तेवीस बायकांपुरती?”

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. “दारमनं सांगितलं का?”

“दारम मला कशाला सांगेल. जिला सांगायचं तिला सांगते ती. खारं पाणी छान उतरलं म्हणे तुमच्या घरचं.”

“तुमचंच ते. मी बायकांना सांगितलं होतं, पण गडबडीत त्यांच्या ध्यानात कुठं राहतंय.” मग तिचा आवाज आणखी मऊ झाला, जो मला मुळीच सोसत नाही. “हे बघा, रागावू नका. तुम्हाला बोलवायचं नाही असं माझ्या मनात नव्हतं. तुम्ही आलात की बायका खेळाचं बोलणार, आणि दारमनं शपथ घातली होती, बुसानच्या आजीला कळू द्यायचं नाही. तुमच्या नोकरीच्या कागदावर आहे म्हणे, घरच्या कुणी खेळ पाठवला तर आजीला तिथं बसता येत नाही. तो कागद तिनंच तुम्हाला वाचून दाखवला होता ना? म्हणाली, आजी त्या खुर्चीसाठी सकाळी सहाला उठून केस सेट करते, तिची खुर्ची माझ्यापायी जायला नको. मेळा झाला की सांगते.”

मी वाडग्यातला कांदा बाजूला सारत राहिले. तो कागद दारमनं वाचला होता, खरं आहे. मी तेव्हा सही करायच्या घाईत होते.

“आणि तुमच्या बायकांनी जे लिहिलं,” मी विचारलं, “ते दारमला ठाऊक आहे?”

“छे हो. ती आदल्या दिवशी कोबी उतरवून गेली. मीच म्हटलं, बायांनो, पोरीनं नोकरी सोडून वर्षभर डोळे फोडलेत, दोन शब्द बोला. सगळ्यांचे हात मिठात, मग प्रत्येकीच्या फोनवर मीच लिहून दिलं. कुणी खोटं नाही बोललं हो. प्रत्येकीला मी आधी खेळून दाखवायला लावलं. काही चुकलं का?”

मला म्हणता आलं असतं, की चुकलं, आणि तुमच्या मऊ हातांनी पोरीचं वर्ष बुडालं. जिभेवर आलंच होतं. पण बुडवलं कुणी? तिनं कोरड्या हातांनी लिहिलं, आणि मी कोरड्या हातांनी शिक्का मारला. मी म्हटलं, सूप निवतंय, ठेवते.

सूप तिथंच टाकून वर गेले. लिफ्टमध्ये आरशात केस दिसले, छान सेट केलेले. त्यांची मला लाज वाटली असं नाही, पण बघवलं नाही. पाच वाजेपर्यंत मारलेला शिक्का परत घेता येतो. मी गुकच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, ते तेवीस परत काढ. त्याला वाटलं एखादं बटण चुकून दाबलं गेलं असेल.

“चुकून नाही,” मी म्हटलं. “ते नात्यातलं आहे.”

त्यानं खणातून एक कागद काढला. नऊ महिन्यांत तो खण कुणी उघडायला लावला नव्हता, अडकला होता. खेळ करणाऱ्याशी नातं? मी म्हटलं, सख्खी आजी, मुलाकडची. मजकूर लिहिणाऱ्यांशी नातं? म्हटलं, एक विहीण, बाकी बावीस तिच्या सावडीतल्या. तो लिहीत होता. मग थांबून त्यानं हळूच विचारलं की हे कळलं कधी.

“सकाळीच.”

“मग तुम्ही ‘मोलाचं’ का दाबलंत, आजी?”

ऑफिसात कीबोर्डचे आवाज थांबले होते. गमसुननं चष्मा काढून पुसायला घेतला होता, म्हणजे कान इकडेच.

“पोटात दुखलं म्हणून,” मी म्हटलं. “घमेलं माझं काढलं आणि तोंड विहिणीचं.”

“हे लिहू?”

“तू नको. मी लिहिते.”

मी लिहिलं. वेळ लागला. माझी अक्षरं मोठी, आमच्या वर्गाच्या वहीसारखी, दोन चौकोनांतली जागा एकेका शब्दाला लागली. नातं या चौकोनातसुद्धा त्याचं लिहिलेलं खोडून मी माझ्या हातानं लिहिलं, सख्खी आजी. मग त्याला कोबीचं सगळं समजावलं, सात, अकरा, तीन, सात, उलटणं, धुणं, कोरड्या हाताची बाई. तो मान डोलवत होता, कळत नव्हतं. शेवटी गमसुनच आपली खुर्ची सोडून आली, पडद्यावरच्या वेळा एकदा बघितल्या आणि म्हणाली, हो, कोबीच आहे हा, मला तर पहिल्याच मजकुराला कळलं असतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मला तो हक्क नव्हता.

निकाल गमसुननं आणि गुकनं मिळून दिला, मला बाहेरच्या बाकावर बसवून. यंत्राचं नाही, मोलाचंही नाही, माणसं खरी आहेत आणि खेळलेलीही आहेत. पण आपण होऊन एकेकटी बोललेली नाहीत, गोळा करून बोलवलेली आहेत. म्हणून खेळाला आणि पोरींना दोष नाही, मात्र तेवीसचे तेवीस मजकूर मोजायचे नाहीत, काढून टाकायचे. ते काढल्यावर ‘चढणीवरचं घमेलं’ चौथ्या नंबरावरून घसरलं ते बाराव्यावर येऊन थांबलं. बारावी जागा शेवटची. स्वच्छतागृहाच्या दारासमोर.

आणि मला मेळा संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. जानेवारीत बोलावू, गुक म्हणाला. बोलावेल की नाही ते त्याच्या वरच्यांवर. मी खुर्चीवरची माझी उशी काखेत मारून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारम आली. कळलं होतं तिला सगळं, कागदावर काय लिहिलंय तेसुद्धा. मी मांदेली निवडत बसले होते, डोकं वर केलं नाही. ती शेजारी बसून माझ्याबरोबर निवडायला लागली. चुकीची निवडत होती, मोडकी चांगल्यात टाकत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं.

शेवटी मीच विचारलं. “तोंड तिचं का?”

“ती दोन तास गप्प बसून राहिली, आजी. मी काढत राहिले. तुला दहा मिनिटं बस म्हटलं की तू उठून भांडी घासायला लागतेस. तुझे माझ्याकडे चाळीस कागद आहेत, सगळ्यांत तुझी पाठ आहे.”

चाळीस हा आकडा मी डोक्यात ठेवला. म्हटलं, घमेलं घेतलेली बाई तोंडावर हात धरत नाही, एक हात घमेल्याला, दुसरा मोकळा, तोल सांभाळायला. तिनं लगेच वही काढली. मी म्हटलं, आधी मोडकी बाजूला काढ.

मेळ्यात मी गेले. पाहुणी म्हणून, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नाही. बारावी जागा म्हणजे खरंच दारासमोर, पण आत जाणारा प्रत्येक माणूस तिथं रांगेत उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस काहीतरी खेळतो, तेव्हा पोरींच्या पडद्यासमोर गर्दी होती. म्हातारीचा हात तोंडावरून खाली आला होता. चेहरा गोलच.

विहीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर किमचीचा डबा, केस जागच्या जागी. मला बघून उठल्या, खुर्ची दिली. मी बसले नाही. मग त्या पण बसल्या नाहीत. रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी उभ्या.

“आमचं सगळं काढून टाकलं म्हणे,” ती म्हणाली. “एक ओळ ठेवली नाही.”

“मीच काढायला लावलं.”

“दारम म्हणाली मला.” तिनं तोंडावर हात धरला, पण हसली नाही. “तुम्ही तरी लिहायचं होतं दोन शब्द तिच्यासाठी.”

“मला मनाई आहे. तिथं बसणाऱ्याला लिहिता येत नाही.”

“म्हणजे तुमचंही नाही, माझंही नाही.” तिनं डबा माझ्या हातात दिला. “मग झालं की. दोघी सारख्याच.”

मी डबा उघडून एक पान तोंडात टाकलं. मीठ एका चिमटीनं जास्त होतं, मी नव्हते ना. पण पाणी उतरलं होतं, माझंच पाणी, त्याला कोण काय करणार. मी चावत राहिले आणि म्हटलं, बरी झालीय.

सारख्याच म्हणे. गुकच्या खणात एक कागद आहे, सही-शिक्क्यानिशी. त्याच्यावर खेळाचं नाव आहे, दारमचं नाव आहे, आणि नात्याच्या चौकोनात माझ्या हातानं लिहिलंय, सख्खी आजी. मोठ्या अक्षरांत. विहीण त्याच्या खालच्या ओळीत आहे, तीही गुकच्या हातची. त्या कागदावरचं काही कुणाला काढता येत नाही, मी विचारून ठेवलंय.

पण हे मी तिला सांगितलं नाही. दुसरं पान तोंडात टाकलं, डबा बंद केला आणि म्हटलं, पुढच्या वर्षी मिठाला मला बोलवा.